मालन घाडीची यादी

मालन घाडी मुलं मोजते. तिची नोकरीच ती आहे. घाटकोपरच्या एका शाळेच्या बसवर ती मावशी म्हणून जाते. चौतीस मुलं चढली की नाही, चौतीस उतरली की नाही, हे पाहायचं आणि यादीत खूण करायची. एकदा भर दुपारी एलबीएस रोडवर तिने बस अकरा मिनिटं अडवून धरली होती. मागे हॉर्नचा गदारोळ, ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसलेला, आणि सगळी मुलं उतरली म्हणून सांगतोय. पण मालनच्या खुणा तेहेतीसच होत्या. शेवटी मागच्या सीटखाली एक चिमुरडी दप्तर उशाला घेऊन झोपलेली सापडली. तेव्हापासून शाळेत मालनच्या यादीवर कोणी शंका घेत नाही. यादीत खोटं लिहिलं की मूल हरवतं, असं ती म्हणते, आणि ते ती गंमत म्हणून म्हणत नाही.

महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा भाऊराव डुंबऱ्यांनी आपल्या मतदान केंद्राची अख्खी यादी तिच्या हातात दिली ती याचसाठी. सातशे त्र्याऐंशी नावं. डोंगराच्या उतारावरच्या चार गल्ल्या, एकशे चाळीस पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना चिकटलेली घरं.

"वहिनी, घरोघर जा," भाऊराव म्हणाले. "आपल्याला देणार त्याच्यापुढे बरोबर. देणार नाही त्याला फुली. तळ्यात-मळ्यात असेल त्याला टिंब. मला गोड बोलणारी माणसं नकोत, खरा आकडा पाहिजे."

मालनने पेन काढलं आणि पहिली खूण स्वतःच्या नावापुढे केली. तीनशे सत्तेचाळीस नंबर. घाडी मालन सहदेव, वय छप्पन्न. बरोबर. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

कारण भाऊराव म्हणजे या डोंगराचं सरकारच म्हणा. मूळचे जुन्नरकडचे, कंपनीत नोकरी केली, आणि नोकरीपेक्षा जास्त वेळ वॉर्ड ऑफिसच्या बाकावर काढला. वर पाणी चढत नव्हतं तेव्हा पंप आणवला तो त्यांनी. पावसात दरड घसरली त्यानंतर पायऱ्यांना लोखंडी कठडा लावून घेतला तो त्यांनी. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या पोरीचा दाखला, कुणाची म्हातारी हॉस्पिटलात, सगळं भाऊंना ठाऊक. अकरा वर्षांपूर्वी मालनच्या नवऱ्याला, बस कंडक्टर सहदेव घाडीला, छातीत कळ आली तेव्हा त्याला खुर्चीत बसवून त्या एकशे चाळीस पायऱ्या खाली उतरवणाऱ्या चौघांत खुर्चीचा पुढचा उजवा पाय भाऊंनी धरला होता. सहदेव वाचला नाही. पण त्याच्या फंडाचे कागद हलवायला भाऊ सहा महिने डेपोत खेटे घालत होते, हे मालन विसरलेली नव्हती. विसरणारी बाई नाही ती.

भाऊंनी पक्षात बावीस वर्षं सतरंज्या उचलल्या, आणि तिकीट द्यायची वेळ आली तेव्हा पक्षाने ते दिलं श्रुतिका कारखानीस या नटीला. संध्याकाळी साडेसातच्या मालिकेत ती तहसीलदारबाई होती. चार वर्षं रोज कुणा ना कुणा लबाड माणसाच्या टेबलावर फाईल आपटायची आणि जाहिरातीआधी त्याचा चेहरा उतरलेला दाखवायचे. राहायला अंधेरीला. हा डोंगर तिने बहुधा फ्लायओव्हरवरून पाहिला असेल. भाऊंनी रागाने अपक्ष अर्ज भरला आणि त्यांना चिन्ह मिळालं कपबशी.

मालन रोज बसवरून आली की चहा पिऊन यादी घेऊन निघायची. आणि तिला गल्लीगल्लीत जे ऐकायला मिळालं ते ऐकून तिचं डोकं चक्रावून गेलं. भाऊंबद्दल वाईट बोलणारा एक माणूस भेटला नाही. सगळे म्हणायचे, भाऊ देवमाणूस. आणि मग पुढचं वाक्य यायचं.

"मावशी, मी तर भाऊंचीच," दुसऱ्या गल्लीतली शीतल म्हणाली. ती मॉलमध्ये बिलिंग काउंटरवर आहे, आणि तिचा स्वभाव बिलासारखाच, सगळं मोजून मापून. "पण एक सांगू का? भाऊ हरले तरी कुठे जातायत? पाईप फुटला तर येणारच ना ते, निवडून आलेत की नाही बघून थोडीच येतात! ती मॅडम मात्र हरली की परत दिसणार नाही. म्हणजे मत तिला दिलं तर भाऊ पण आपले आणि ती पण आपली. डबल फायदा. भाऊंना दिलं तर एकटे भाऊच, आणि ते तर फुकटच आहेत आपल्याला."

"अगं, पण ती करणार काय?"

"तिने काही करायला नको. तिचा फोन उचलतील. भाऊंचा फोन उचलतात का वॉर्ड ऑफिसात? तीन तीन तास बाकावर बसवतात त्यांना, मी स्वतः बघितलंय. आपल्यासारखेच बसतात ते. मग आपल्यात नि त्यांच्यात फरक काय राहिला?"

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. शीतलने त्यानंतर हसून "बरोबरच टाका मावशी" म्हटलं आणि मालनने बरोबर टाकली. ही तिची चूक. मुलांच्या बाबतीत ती कधी तोंडी शब्दावर खूण करत नाही, डोकं हाताला लागल्याशिवाय पेन उचलत नाही. इथे तिने ऐकलं आणि लिहिलं. मतदाराच्या डोक्याला हात लावायचा तरी कसा, हाही प्रश्नच आहे म्हणा.

सगळ्यात वरच्या गल्लीत कुंडलिकदादा राहतात. महापालिकेच्या उद्यान खात्यातून रिटायर झालेले, घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, बाहेर डब्यांत तुळस, गवती चहा आणि एक जिद्दी जास्वंद. ते म्हणाले, "मी कपबशीलाच देणार. पण तुझ्या यादीत टिंबच ठेव. भाऊरावला आधीच सांगितलं की तो धरून चालतो. धरून चाललेलं मत म्हणजे मत नाही, ते राबणं झालं."

मालनने टिंब ठेवलं. त्यांची मर्जी.

तीन आठवड्यांत यादी पुरी झाली. बरोबर चारशे दोन. भाऊंनी आकडा दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसला.

"तुमची मोजदाद चुकत नाही, वहिनी," ते म्हणाले. "आता मला झोप लागेल."

प्रचाराच्या शेवटच्या रविवारी श्रुतिका कारखानीसची पदयात्रा डोंगरावर आली. भाऊंनी मालनला मुद्दाम पाठवलं. कोण कोण हार घेऊन उभं आहे तेवढं बघून या. तेव्हा मालन पायऱ्यांच्या वळणावर कठड्याला टेकून उभी राहिली आणि मनात मोजू लागली. ढोल वाजत होते, पोरं मोबाइल वर धरून मागे मागे चालत होती. मधोमध ती बाई. टीव्हीत दिसते त्यापेक्षा बुटकी, चेहऱ्यावर घाम, एका हाताने साडी सावरत एक एक पायरी चढत होती. धाप लागलेली कुणाला दिसू नये म्हणून सारखी हसत होती. मालनला तिची थोडी कीवच आली.

वळणावर शीतल औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. भाऊंचीच ना ती! मालनने तिची खूण मनातल्या मनात बदलली. तेवढ्यात वारा आला, निरांजन विझू लागलं, आणि शीतल म्हणाली, "मावशी, जरा आडोसा करा ना." मालनने सवयीने दोन्ही हात ज्योतीभोवती धरले. ओवाळून झालं. त्या बाईने वाकून नमस्कार केला. मग ताटातल्या करंड्यात बोट बुडवून शीतलच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि तसंच, न थांबता, शेजारी उभ्या मालनच्या कपाळाला लावलं.

"ताई, आशीर्वाद असू द्या हं," ती म्हणाली आणि पुढची पायरी चढली.

शीतलच्या सासूने "अगंबाई" म्हटलं, तेवढंच. ढोलात ते कुणाला ऐकूही गेलं नसेल. मालनला मात्र ऐकू आलं.

इथे एक सांगितलं पाहिजे. आता काही पूर्वीचा काळ राहिलेला नाही. याच डोंगरावर नवरा गेलेल्या कितीतरी जणी टिकली लावतात, कामाला जातात, कुणी काही बोलत नाही. मालनला कुणी बंदी घातली नव्हती. सासू होती तोवर तिने लावलं नाही. सासू गेल्यावर लाव असं कुणी म्हटलं नाही, आणि आपणहून सुरू करणं तिला जमलं नाही. दर संक्रांतीला भाऊंच्या घरी मीरावहिनींचं हळदीकुंकू असायचं. मीरावहिनी तिला आठवणीने बोलवायच्या. ती दुपारीच जायची, खुर्च्या मांडायची, तिळगूळ वाट्यांत भरायची. बायका यायला लागल्या की ओट्याशी उभी राहून मसाला दूध गाळायची. सगळ्या गेल्या की मीरावहिनी स्वयंपाकघराच्या दारात यायच्या आणि पिशवीत घातलेलं वाण तिच्या हातात द्यायच्या. एखादी चाळणी, एखादा डबा. "तुझं बाजूला काढून ठेवलं होतं हो." माया होती त्यात, खोटी नव्हती. म्हणून तर बोलायला तोंड नव्हतं.

त्या रविवारी मालन घरी आली, आरशासमोर उभी राहिली. पुसायला पदर उचलला आणि तसाच खाली सोडला. संध्याकाळपर्यंत कुंकू तसंच होतं. त्या बाईला काही माहीत नव्हतं, हे न कळण्याइतकी मालन भोळी नाही. तिच्यासाठी आपण पायरीवरची एक बाई होतो, एवढंच. पण मालन बराच वेळ रडली, आणि बरं वाटून रडली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मतदान. शाळेत केंद्र होतं म्हणून बसला सुट्टी. मालन सकाळी सातपासून शंभर मीटरच्या रेषेबाहेरच्या भाऊंच्या टेबलावर बसून चिठ्ठ्या देत होती. अकराला गर्दी ओसरली तशी ती स्वतः आत गेली. शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मशीन. कपबशी पाचव्या नंबरवर होती. तिचं बोट कपबशीच्या बटणापर्यंत गेलं, आणि तिला एकदम स्वयंपाकघराचं ते दार दिसलं. ती स्वतःवरच चिडली. हे काय भलतंच, खुर्चीचा पाय धरणारा माणूस तो! पण बोट दोन बटणं वर सरकलं होतं. लांब शिट्टीसारखा आवाज आला आणि झालं.

बाहेर येऊन ती पुन्हा भाऊंच्या टेबलावर बसली आणि संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या देत राहिली.

दुसऱ्या दिवशी निकाल. श्रुतिका कारखानीस मोठ्या फरकाने आल्या. भाऊ तिसरे. मशीनमधून केंद्रवार आकडे निघतात, त्यामुळे झाकून काही राहत नाही. त्यांच्या स्वतःच्या केंद्रावर, चार गल्ल्या मिळून, कपबशीला एकशे एकाहत्तर.

शनिवारी संध्याकाळी मालन भाकऱ्या थापत होती तेव्हा भाऊ दारात आले. हातात तीच यादी. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसले.

"चारशे दोनांतून एकशे एकाहत्तर गेले. राहिले दोनशे एकतीस," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट. "दोनशे एकतीस माणसं माझ्या तोंडावर हो म्हणाली. वहिनी, मला नावं सांगा. तुम्हाला अंदाज असणारच. पंपाची चावी मी ज्याची त्याच्या हातात देऊन टाकणार आहे, पण त्याआधी मला कळलं पाहिजे."

"कळून काय करणार, भाऊजी?"

"एकाचं तर कळलंच. कुंडलिक. टिंब होतं ना त्याच्यापुढे? सकाळी नळावर बोललो त्याला. चारचौघांत बोललो. म्हटलं, तुझ्या पोरीच्या दाखल्यासाठी मी तीनदा तहसील ऑफिसात गेलो आणि तू नटीच्या मागे पळालास."

मालनच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "काय म्हणाले ते?"

"काही नाही. बादली उचलून निघून गेला. दोषी माणूस बोलणार काय!"

मालनने गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले, पुसले. मग भाऊंच्या हातातून यादी घेतली, चष्मा लावला आणि बोट खाली नेत नेत तीनशे सत्तेचाळीसवर थांबली. स्वतःच्या नावापुढची बरोबरची खूण तिने नीट खोडली आणि फुली मारली. यादी परत दिली.

भाऊंनी पाहिलं आणि हसले. "चेष्टा नको, वहिनी. माझं डोकं ठिकाणावर नाही."

"चेष्टा नाही. मी त्या बाईला दिलं. बाकीच्या दोनशे तीसांचं मला माहीत नाही, एकीचं सांगते. आणि कुंडलिकदादांनी तुम्हालाच दिलंय. तुम्ही त्यांना उगीच बोललात."

भाऊंनी फुलीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही? का?"

"तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं."

"अहो, पण तिला काय माहीत? माहीत असतं तर लावलं असतं का तिने?"

"नसतंच लावलं. तेच तर. तुम्हा सगळ्यांना माझं सगळं माहीत आहे, भाऊजी. तुम्ही मला बघता तेव्हा आधी तुम्हाला हे गेलेले दिसतात. मग मी. तिला मीच दिसले." मालनने चष्मा काढला. "चूक केली मी. तुमच्याशी बेइमानी केली. पण खोटी खूण ठेवायची नाही म्हणून सांगितलं."

"आमच्या मीराने तुम्हाला कधी वेगळं धरलं का? दर वर्षी बोलावते, वाण देते..."

"देतात ना. अकरा वर्षं देतायत. स्वयंपाकघराच्या दारात. सगळ्या गेल्यावर, पिशवीत घालून."

पायऱ्यांवरून कुणीतरी सिलिंडर खांद्यावर घेऊन वर चालला होता, त्याला वाट द्यायला भाऊंनी पाय आत घेतले. "मला हे माहीत नव्हतं," ते हळूच म्हणाले. या डोंगरावर कुणाच्या घरात काय चाललंय हे माहीत नसल्याचं भाऊरावांनी कबूल केलेलं मालनने पहिल्यांदाच ऐकलं. ते उठले, यादीची घडी करून खिशात घातली, आणि खाली आपल्या घराकडे न जाता वर गेले, कुंडलिकदादांच्या गल्लीकडे.

मालनने ती रात्र तळमळत काढली. बोलायचं ते बोलून झालं होतं, पण बरं वाटत नव्हतं.

मंगळवारी पहाटे पाईप फुटला. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे दर हिवाळ्यात फुटतो तिथेच. पाणी पायऱ्यांवरून धो धो वाहायला लागलं आणि बायका हंडे घेऊन उभ्या राहिल्या. शीतलने नव्या नगरसेविकेच्या ऑफिसला फोन लावला, आणि खरं सांगायचं तर तो उचललाही. माणूस पाठवतो म्हणाले, आणि दुपारी बाराला महापालिकेची गाडी खरंच आली. एरवी तिला दोन दिवस लागतात. पण ते बाराला. पहाटे साडेपाचला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाना घेऊन पाण्यात वाकून उभे होते ते भाऊच. आणि त्यांच्या शेजारी बॅटरी धरून कुंडलिकदादा.

"बघा मावशी, मी म्हटलं नव्हतं?" शीतल हंडा कमरेला लावून हसत म्हणाली. "दोन्ही मिळालं की नाही?"

मालनला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि लगेच स्वतःच्याही. शीतलचा हिशेब अगदी बरोबर निघाला होता, याचंच तिला फार वाईट वाटलं. हंडा खाली ठेवून ती पाण्यात उतरली आणि भाऊंनी दाखवला तसा पाईप दोन्ही हातांनी दाबून धरला.

भाऊंनी वर पाहिलं नाही. पाना फिरवता फिरवता म्हणाले, "वहिनी, शुक्रवारी मीराचं हळदीकुंकू आहे."

"येते दुपारी," मालन म्हणाली.

"दुपारी नको. सहाला या, सगळ्या येतात तेव्हा. खुर्च्या मांडायला मी शीतलला सांगितलंय."